आधी कवेत, मग ठाव

‘अनफॅदमेबल’ हा शब्द कॉलेजात कवितेच्या तासाला कानावर पडला आणि आवडला. थांग न लागणारं, असा अर्थ वहीत उतरवून घेतला. शब्दाची घडण कळली ती पुढे, जाडजूड शब्दकोश चाळण्याचा नाद लागल्यावर. ‘फॅदम’ म्हणजे सहा फूट खोली, पण जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ पसरलेले दोन्ही बाहू, मिठी. त्याच्या क्रियापदाचा अर्थ आधी कवेत घेणं, मग खोली मोजणं. समजून घेणं हा अर्थ आला सतराव्या शतकात.

हे वाचताना लहानपणचं बंदर आठवलं. आमच्याकडचे कोळी पाणी वावावर सांगत, आणि वाव म्हणजेही पसरलेल्या दोन हातांमधलं अंतर. मग जुन्या जहाजांविषयी मिळेल ते वाचत गेलो. खोली मोजायच्या दोरीला शिशाचं वजन असे. ठरावीक खुणांवर चामडं, पांढरं फडकं, लाल फडकं बांधलेलं. काळोखात खलाशी ते नुसत्या स्पर्शाने ओळखत. शिशाच्या बुडाशी खळगा करून त्यात चरबी भरत. दोरी वर आली की चरबीला तळाची वाळू नाहीतर शिंपल्यांचा चुरा चिकटलेला असे. किती खोल आणि खाली काय, दोन्ही कळे. 23 मार्च 1875 रोजी ‘चॅलेंजर’ जहाजाने पश्चिम पॅसिफिकमध्ये अशीच दोरी सोडली. ती 4,475 फॅदमवर टेकली, म्हणजे आठ किलोमीटरहून खाली!

वडील अबोल होते. त्यांचा थांग लागत नाही, असं घरात सगळेच म्हणत. शेवटच्या आजारपणात त्यांना बिछान्यावरून उठवायचं, तर दोन्ही हातांनी कवेत घ्यावं लागे. तसं धरलेलं असताना ते हळूहळू बोलू लागले. शिक्षण अर्धवट सुटल्याचं, धाकट्या भावाच्या जाण्याचं. सगळं नाहीच कळलं. पण जे कळलं, ते इतकी वर्षं समोर बसून कळलं नव्हतं.

म्हणून या शब्दाने लावलेला क्रम मला खरा वाटतो. आधी मिठी, मग मोजमाप, मग समज. आपण बहुतेकदा उलटं करतो. माणूस पुरता कळल्याशिवाय त्याला जवळ करत नाही. अथांग म्हणून हात जोडणं सोपं असतं. त्याआधी एकदा तरी हात पसरावेत.