नव्वद मिलिमीटर

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५, ओझर

सकाळच्या पहिल्या बसने पांडवलेण्यांना जाऊन आलो. तीन क्रमांकाच्या लेण्यात, गौतमीपुत्राच्या विहारात, गर्दी बेताची होती. कॅमेरा मुद्दामच घरी ठेवला होता. आजचं काम उभं राहायची जागा ठरवण्याचं.

दालन साधारण ४१ फूट रुंद आणि ४६ फूट खोल. माझ्या चार बाय पाच इंचाच्या कॅमेऱ्यावर १५० मिलिमीटरची लेन्स आहे आणि शीट फिल्मचा कामाचा भाग ९५ बाय १२० मिलिमीटरचा. १२० भागिले १५० म्हणजे ०.८. दाराशी उभं राहिलं तर ४६ फुटांवरच्या भिंतीचा जेमतेम ३७ फुटांचा पट्टा मिळतो. भिंत दोन्ही कडांना छाटली जाणार. बाजूच्या खोल्या आणि भिंतीलगतचा ओटा यांचं तर नावच नको. मागे सरकायला वाव नाही. ९० ची लेन्स असेल तर तोच पट्टा ६१ फुटांचा होतो, म्हणजे मागची भिंत सबंध येऊन बाजूच्या भिंतीही आत येतात. वाइड लेन्स हवीच असं गेली काही वर्षं म्हणतोय. आज त्याला आकडा मिळाला.

उतरताना फाळके स्मारकापाशी चहा. फाळके त्र्यंबकचे. सिनेमाच्या आधी फोटोग्राफीत होते, गोध्र्याला स्टुडिओ काढला होता, पुरातत्त्व खात्यातही नोकरी केली. हे लोकांच्या लक्षात राहत नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

लेन्स विकत घेण्याआधी तिच्यातून काय दिसेल हे बघण्याची एक फुकटची युक्ती आहे. कॅलेंडरचा जाड पुठ्ठा घेतला. मध्ये ९५ बाय १२० मिलिमीटरची खिडकी कापली. कडेला दोरा बांधून त्याला ७५, ९०, १२० आणि १५० वर गाठी मारल्या. हवी ती गाठ डोळ्याच्या कोपऱ्याशी धरायची, दोरा ताणायचा, दुसरा डोळा मिटायचा. खिडकीत दिसेल तेवढं फिल्मवर येणार. ओझरच्या विमान कारखान्यात तीस वर्षं गेज हाताळले, त्यामुळे खिडकीच्या कडा कानशीने सरळ केल्याशिवाय चैन पडली नाही.

गच्चीवरून बाणगंगेच्या बाजूला धरून पाहिलं. ७५ च्या गाठीला शेजाऱ्यांची टाकी, आमची टाकी आणि मधलं सगळं आभाळ. लेण्यासाठी मोह होतो, पण कडेची माणसं आडवी फुगतात. नव्वद बरी. "अहो, पुठ्ठ्यातून बघून झालं असेल तर पाणी आलंय, मोटर लावा," असं खालून ऐकू आलं.

रविवार, १६ नोव्हेंबर, सिन्नर

पुठ्ठा घेऊन गोंदेश्वराला. पुतण्या गाडी घेऊन आला होता. त्याला वाटलं काका फोटो काढणार. काकांनी दिवसभर पुठ्ठा धरला.

गोंदेश्वर यादवकाळातलं पंचायतन आहे: मधलं मोठं शिवमंदिर, चार कोपऱ्यांना चार लहान देवळं, समोर नंदीमंडप आणि भोवती प्राकार. प्राकारामुळे मनासारखं लांब जाता येत नाही. कॅमेरा वर उचलून शिखर पकडलं तर दोन्ही बाजू वर जाऊन जवळ येतात आणि देऊळ मागे कलंडल्यासारखं दिसतं. मोठ्या कॅमेऱ्याची खरी मिजास इथे आहे. फिल्म उभ्या रेषेत ठेवायची आणि फक्त लेन्स सरळ वर सरकवायची. याला राइज म्हणतात. देवळाच्या रेषा जागच्या जागी राहतात आणि शिखर खाली उतरून चौकटीत येतं.

पुठ्ठ्यानेही हे जमतं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. डोळा हलवायचा नाही, पुठ्ठा वाकवायचा नाही, नुसता सरळ वर न्यायचा. पुतण्याला पट्टी धरायला लावली. नव्वदची गाठ, खिडकी उभी. कळसाच्या वर बोटभर आभाळ राहील इतका पुठ्ठा वर गेला तेव्हा पट्टीवर २५ मिलिमीटर. दोन-तीन जागांवरून पाहिलं. सगळीकडे त्याच्या आतच.

आजची कमाई एवढीच, पंचवीस. पण लेन्सची किंमत आता हा आकडा ठरवणार.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

रात्री वही उघडून बसलो. प्रत्येक लेन्स मागे एक गोल प्रकाश टाकते. फिल्मचा आयत त्या वर्तुळात बसला पाहिजे, आणि लेन्स वर सरकवायची असेल तर वर्तुळ आयताहून मोठं हवं. नव्वदच्या लेन्सा विकत घेताना लोक मिलिमीटर आणि एफ नंबर बघतात. पैसे जातात वर्तुळाचे.

सगळ्यात स्वस्त जुनी श्नायडर अँग्युलॉन, एफ/६.८. एवढीशी, खिशात मावणारी. एफ/१६ ला वर्तुळ १५४ मिलिमीटर, आणि शीटचा कर्ण १५३. गणित केलं: उभ्या फिल्मला राइज मिळतो अर्धा मिलिमीटर. लेण्याच्या दालनासाठी ही पुरेशी आहे, कारण तिथे सगळं सरळ समोर. जुन्या प्रेस कॅमेऱ्यांवरची ऑप्टार किंवा रॅप्टार, तीही याच पंक्तीतली. गोंदेश्वरासाठी तिन्ही बाद.

पुढची पायरी एफ/८ वाल्यांची. सुपर अँग्युलॉन एफ/८ आणि फुजिनॉन एफ/८, दोन्हींचं वर्तुळ २१६. उभ्या फिल्मला ३७ मिलिमीटर राइज. निकॉनची एफ/८ तर २३५ देते, ४७ पर्यंत जाता येतं. त्यावर एफ/५.६ वाल्या, वर्तुळ तेवढंच किंवा थोडं मोठं, पण काच जाड, वजन जास्त, फिल्टर मोठा आणि किंमत त्या मानाने. एफ/५.६ चा खरा फायदा एकच, ग्राउंड ग्लासवर चित्र उजळ दिसतं. फोटो तर एफ/२२ लाच काढायचा. त्या एका स्टॉपच्या उजेडासाठी मी पैसे मोजणार नाही. डोक्यावर दाट काळं कापड घेईन.

अँग्युलॉन बारीक आणि सुपर अँग्युलॉन गलेलठ्ठ का, याच्या मागे एक रशियन माणूस आहे. मिखाईल रुसिनोव्ह यांनी १९४० च्या दशकात विमानातून नकाशे काढण्यासाठी वाइड लेन्स आखल्या. दोन्ही टोकांना मोठी, बाहेर फुगलेली ऋण भिंगं. तिरपा येणारा प्रकाश अशा लेन्समध्ये कमी दबतो. साध्या लेन्सचा कोपऱ्यातला उजेड कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घाताने घटतो, या रचनेत जवळपास तिसऱ्या घाताने. नव्वदला चार बाय पाचच्या कोपऱ्यात ४० अंशांचा कोन येतो. म्हणजे दीड स्टॉपऐवजी सव्वा. लुडविग बेर्टेले यांच्या बायोगॉनपासून सुपर अँग्युलॉनपर्यंत सगळ्या याच वाटेने आल्या. आमचा कारखाना १९६४ मध्ये मिग विमानांसाठी निघाला आणि त्यांच्याबरोबर रशियन ड्रॉइंगं आली. लेन्सच्या छेदचित्रावर रशियन अक्षरं दिसली की अजूनही हात आपोआप टॉलरन्सचा रकाना शोधतो.

बुधवार, २६ नोव्हेंबर, चंपाषष्ठी

गावात खंडेरावाची यात्रा. येळकोट येळकोटचा गजर, भंडारा, पाळणे; घरात कोणी थांबेना. मी दुपारी एकटा कॅमेरा घेऊन बसलो.

प्रश्न असा की माझा कॅमेरा नव्वद पेलेल का. सागवान आणि पितळ, मुळात हाफ-प्लेटचा, त्याला मागे चार बाय पाचची चौकट बसवलेली. केरळात आलेप्पीला वागीश्वरी कॅमेरे बनायचे, त्याच घराण्यातला, पण याच्यावर कोणाचं नाव नाही. दूरच्या वस्तूसाठी नव्वदची लेन्स काचेपासून नव्वद-पंचाण्णव मिलिमीटरवर यावी लागते. तेवढ्यात बेलोज, म्हणजे मधला कातडी भाता, पूर्ण मिटतो, आणि मिटलेला बेलोज वर सरकू देत नाही. मोजलं: पंचाण्णववर पुढची चौकट २८ मिलिमीटर सहज वर जाते, मग घड्या ओढ घेतात. त्यापुढे जोर केला तर कातडं फाटेल.

हे माप मनाजोगतं निघालं. लागतात २५, कॅमेरा देतो २८, एफ/८ ची सुपर अँग्युलॉन किंवा फुजिनॉन देते ३७. निकॉनचे ४७ माझ्या कॅमेऱ्यावर वापरताच येणार नाहीत. त्यासाठी पिशवीसारखा सैल बेलोज शिवून घ्यावा लागेल. जो राइज बेलोज देत नाही, त्याचे पैसे लेन्सला का द्यायचे?

दुसरी अडचण कॅमेऱ्याच्या समोरच्या फळीची. उभ्या चौकटीत ती खालून डोकावते. पण राइज दिला की दृष्टी वर जाते आणि फळी आपोआप बाहेर. लेण्यात चौकट आडवी असेल, तिथे प्रश्न नाही.

रविवार, ७ डिसेंबर

पंचवटी एक्स्प्रेसने दादर. एक निवृत्त जाहिरात-छायाचित्रकार सामान काढतायत असं कळलं होतं. मुंबईत एके काळी साबणापासून मोटारीपर्यंत सगळं चार बाय पाचवर निघायचं. डिजिटल आल्यावर ते कॅमेरे कपाटांत गेले. परदेशातून मागवण्याआधी अशी कपाटं विचारावीत. कस्टम नाही, आणि लेन्स हातात घेऊन बघता येते.

त्यांच्याकडे नव्वदच्या दोन सुपर अँग्युलॉन होत्या, एफ/५.६ आणि एफ/८. एफ/८ च्या आत कडेला बारीक पांढरे ठिपके. गिऱ्हाईक घाबरतं, किंमत पडते. हा भिंगांच्या कडेचा काळा रंग सुटतो, बुरशी नव्हे. फोटोवर परिणाम शून्य. बुरशी वेगळी, कोळ्याच्या जाळ्यासारखी, आणि आपल्या पावसाळ्यात तिचंच भय. मोबाइलचा टॉर्च मागून तिरपा धरून सगळ्या काचा पाहिल्या. जाळं नाही, चिकटवलेल्या भिंगांच्या मध्ये इंद्रधनुषी डागही नाही. शटरचा एक सेकंद दीड सेकंदाएवढा रेंगाळत होता. त्यावरून आणखी थोडे उतरवले. एफ/२२ ला लेण्यात एक्स्पोजर मिनिटाच्या घरात जाणार. तिथे बल्ब लावून घड्याळ बघायचं, एक सेकंद कोणाला हवाय?

"आठच घेताय? साडेपाच घ्या, उजळ आहे," ते म्हणाले. मी बेलोजचं माप सांगितलं. ते हसले आणि एक जुनी केबल रिलीज वर दिली.

शनिवार, १३ डिसेंबर

निफाडचा पारा खाली गेलाय, हात गारठून कडक. दहाव्या मैलाजवळच्या एका वर्कशॉपमध्ये ओळखीने लेथ मिळाला. शून्य नंबरच्या शटरला ३४.६ मिलिमीटरचं भोक लागतं. तीन मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियमची पाटी, आधी ३४ चं, मग बोअरिंग टूलने हळूहळू. शटर दाबून बसलं, हलेना. बाजारात अशी पाटी विकत घेतली तर लेन्सच्या मानाने फार महाग पडते.

सुपर अँग्युलॉनचं मागचं भिंग शटरच्या भोकाहून बरंच मोठं. ते आधी काढायचं, शटर पाटीवर कसायचं, मग मागून पुन्हा फिरवून बसवायचं. म्हणून पुढच्या चौकटीचं तोंडही तेवढं रुंद आहे ना, हे आधी बघावं. आतली बाजू काळ्या मॅट रंगाने रंगवली.

रविवार, २१ डिसेंबर, सिन्नर

पहिली परीक्षा एक्स-रे फिल्मवर. खऱ्या शीट फिल्मचा डबा परवडतो, पण चाचणीवर उधळायला नाही. लाल दिव्यात कापून होल्डरांत भरली. हिला लाल रंग दिसत नाही, आणि दोन्ही अंगांना इमल्शन असल्याने ओरखडे लगेच पडतात.

एफ/८ ला ग्राउंड ग्लासवर मध्ये ठीक, कोपऱ्यांत काळोख. डोकं तिरपं करून त्या कोपऱ्याकडे बघावं लागतं तेव्हा उजेड येतो. शिखराचा कळस लूपने नक्की केला, राइज २५, एफ/२२, सेकंदाचा तिसावा भाग.

मंगळवार, २३ डिसेंबर

निगेटिव्ह ट्रेच्या तळाशी काच ठेवून धुतल्या, एकेक. शिखर ताठ. कळसावरची नक्षी लूपखाली सुटी दिसते. वरच्या कोपऱ्यांत पावणेदोन स्टॉपची घट हिशोबाने यायला हवी होती, तशी आली. यासाठी मध्ये गडद असलेला सेंटर फिल्टर मिळतो, पण त्याची किंमत या लेन्सशी स्पर्धा करते. माझ्याकडे तर ही घट कामाला आली. एक्स-रे फिल्मवर आभाळ नेहमी पांढरंफट्ट होतं. इथे कोपऱ्यांत थोडा करडा रंग राहिला. लेण्यात मात्र कोपरे अंधारेच असतात, तिथे प्रिंट करताना मध्यभाग जास्त उजेड देऊन भाजावा लागेल.

शुक्रवार, २६ डिसेंबर

संरक्षित स्मारकात तिपाई लावायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. अर्ज लिहिला: लेणी क्रमांक ३, दालनाचं अंतर्दृश्य, कृत्रिम दिवे नाहीत. फोकससाठी मागच्या भिंतीशी दोन छोटे टॉर्च ठेवणार आहे, तेही नमूद केलं. एफपी४ फिल्म वापरीन. मीटर ३० सेकंद सांगेल तेव्हा या फिल्मला ७३ द्यावे लागतात, म्हणजे एका शीटला पाय न हलवता सव्वा मिनिट, आणि तेवढ्यात कोणी सेल्फी काढत मध्ये आलं तरी तो पुढे निघून गेला की फिल्मवर उरत नाही. वेळ सकाळची मागितली आहे. सोमवारी टपालात टाकतो.