चीर चार बोटांची, धीर तीन महिन्यांचा

ती. अक्कास,


तुझ्या खुब्याच्या ऑपरेशनची तारीख ठरल्याचं नितीनने फोनवर सांगितलं. “मावशी, चीर अगदी छोटी असते, गौरींना आई पाटावर बसून पूजा करेल!” त्याचा उत्साह बघून तेव्हा गप्प बसले, पण तुला स्पष्ट लिहिते. गौरींपुढे तू उभी राहशील. पाट मात्र यंदा सुनेला दे.

पूर्वी वीस-पंचवीस सेंटिमीटरची चीर द्यायचे, आता आठ-दहात भागतं. स्नायू कमी दुखावतात, रक्त कमी जातं, बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभं करतात. माझंही तसंच झालं. पण आतलं काम तेवढंच मोठं, गं. मांडीच्या हाडाचा गोळा कापून काढतात, हाडात धातूचा दांडा आणि वर नवी वाटी बसवतात. सिमेंट वापरलं नाही, तर त्या खरबरीत धातूवर आपलं हाड हळूहळू धरतं. त्याला सहा ते बारा आठवडे लागतात, चीर केवढी का असेना. काही महिन्यांनी तर मोठ्या चिरेचे आणि छोट्या चिरेचे पेशंट सारखेच चालतात.

डॉक्टरांना एक नक्की विचार : सांध्यापर्यंत पुढून जाणार की मागून? पथ्यं त्यावर ठरतात. मागून असेल, तर सहसा कंबरेत काटकोनापलीकडे वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही आणि पाऊल आत वळवायचं नाही, नाहीतर सांधा निखळायची भीती. म्हणजे तुमचा तो बसका दिवाण बाद. हातांची उंच खुर्ची हवी. उठताना वॉकरला लोंबकळायचं नाही. आधी खुर्चीच्या कडेला सरकायचं, ऑपरेशनचा पाय पुढे ठेवायचा, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर रोवायचे आणि चांगल्या पायावर भार देऊन उठायचं. पूर्ण उभं राहिल्यावरच वॉकर धरायचा.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. पुढे काठी आली की ती चांगल्या बाजूच्या हातात. बघायला येणारा प्रत्येक जण “दुखऱ्या बाजूला धर” म्हणेल. त्यांना चहा पाज, सल्ला घेऊ नकोस.

दुखणं लवकर कमी होतं, गुडघ्यापेक्षा खुबा खरंच बरा. धोका तिथेच असतो. बरं वाटलं की तू ओट्याखालचा डबा काढायला वाकणार, ओळखते मी तुला! उलट नुसतं पडूनही राहू नकोस. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून पावलं वरखाली हलवत राहायचं आणि रक्त पातळ ठेवायचं औषध, सांगतील तितके दिवस, बहुतेकदा महिनाभर किंवा थोडं जास्त, घ्यायचं. पोटरी सुजून दुखली, जखम पाझरली, ताप आला, तर डॉक्टरांना लगेच कळवा. एकाएकी दम लागला, छातीत दुखलं, तर फोनाफोनी न करता थेट हॉस्पिटल गाठा.

नितीनला सांग, कमोडवर बसवायची उंच सीट तू घरी यायच्या आधीच आणून ठेवायची.

तुझी,
शकू