शिंपल्यांतले वैराग्य

कोलोनचा आर्चबिशप आणि राजपुत्र क्लेमेन्स आउगुस्ट याने ब्र्यूल येथे १७२९ ते १७३७ या काळात फाल्कनलुस्ट हा ससाण्यांच्या शिकारीसाठीचा प्रासाद उभारला. त्याच्या आवारातील लहानसे चॅपेल वाळवंटात देह झिजविणाऱ्या इजिप्तच्या संत मेरीला अर्पण केलेले आहे. आत मात्र भिंती शिंपल्यांनी आणि स्फटिकांनी मढविलेल्या. वैराग्याची गुहा, तीही राजाश्रयाने सजविलेली! हा निव्वळ दंभ, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु शिंपला म्हणजे गेलेल्या जीवाचे मागे उरलेले घर. बगळ्यावर ससाणा सोडून येथे गुडघे टेकणाऱ्या शिकाऱ्याभोवती अखेर मृतांचीच आरास होती. धन्याच्या ओठांवर कदाचित कधीच न आलेली कबुली त्याचा अलंकार देऊन जातो.