ऐकू येतंय, कळंना झालंय

आमच्या घरात चमचे बाहेर निघायचे ते पाहुण्यांच्या पोह्यांसाठी. एरवी सगळे हातानेच जेवणार. पण अण्णांनी आयुष्याची बारा वर्षं चमचे बनवण्यात घालवली.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आमचं गाव उमरगा तालुक्यात. दगडमातीचं घर बसलं, संसार पत्र्याच्या शेडमध्ये आला. चार एकर कोरडवाहू आणि खाणारे तीन भाऊ. बावीस वर्षांचे अण्णा सोलापूरहून रेल्वेत बसले ते भाईंदरला उतरले. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे छोटे छोटे कारखाने होते. त्यातल्या एका गाळ्यात ते पॉवर प्रेसवर उभे राहिले.

पत्र्यातून प्रेस आधी चमच्याचा सपाट आकार तोडतो. पुढचा भाग रोलरमधून पातळ करायचा, कडा कापायच्या. मग डायवर दाब पडला की खोलगटपणा येतो आणि दांड्यावर नक्षी उमटते. शेवटी बफ, म्हणजे गरगर फिरणारं कापडी चाक. त्याला हिरवी पॉलिशची वडी लावायची आणि चमचा धरायचा. अण्णा म्हणतात, "पॉलिशवाल्याचं तोंड काळं, प्रेसवाल्याची बोटं कमी." त्यांची दहाही बोटं शाबूत आहेत आणि ती ते अभिमानाने दाखवतात.

गेले ते कान. गाळ्यात दिवसभर लोखंडावर लोखंड आदळायचं. कानात कापसाचे बोळे, बोलणं हाताच्या खुणांनी. रात्री खोलीवर आल्यावरही कानात शिट्टी वाजत राहायची. २००६ साली ते कायमचे गावी आले, तेव्हा मी चौथीत होतो. आमच्याकडे टीव्हीचा आवाज गल्लीत ऐकू जायचा. आम्ही मोठ्याने बोललो की ते चिडायचे, "वरडू नको. ऐकू येतंय, कळंना झालंय."

या वाक्याचा अर्थ मला मागच्या वर्षी कळला. सोलापूरला कानाच्या डॉक्टरांनी तपासणी केली आणि आलेख हातात दिला. डावीकडे रेघ ठीक होती, चार हजार हर्ट्झजवळ दरीत कोसळली होती. इंजिनिअरिंगला आम्ही लो-पास फिल्टर शिकलो होतो: खालच्या फ्रिक्वेन्सी जाऊ द्यायच्या, वरच्या अडवायच्या. प्रेसने अण्णांच्या कानात तोच बसवला होता. स्वर खालच्या पट्टीतले, ते पोचतात. स, श, फ यांचा जीव वरच्या पट्टीत, ते गळतात. म्हणून आवाज येतो, शब्द येत नाही. अडत्याने सोयाबीनचा भाव सांगितला की अण्णा शेजारच्याला विचारतात, "साठ म्हणला का आठ?" फरक एका 'स'चा, पण पैशाचा.

आवाजामुळे येणारा बहिरेपणा १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य आजार म्हणून होता. पण वीज वापरणाऱ्या ठिकाणी तो कायदा साधारणपणे दहा कामगारांपासून पुढे लागू व्हायचा. अण्णांच्या गाळ्यात पंधरा-सोळा माणसं राबायची, हजेरीपत्रकावर नावं नऊ. त्या नऊत अण्णा नव्हते. आजाराचं नाव कायद्यात होतं, आजारी माणसाचं कुठल्याच कागदावर नव्हतं. दाद कुणाकडे मागणार?

मग आम्हीच श्रवणयंत्रं घेतली. आत छोटा प्रोसेसर असतो. जिथे ऐकणं कमी झालंय तिथलाच आवाज तो जास्त वाढवतो. मी रोज कोड लिहितो, पण इतक्या कामाचं सॉफ्टवेअर माझ्या हातून अजून झालेलं नाही. पहिल्याच आठवड्यात अण्णा आडतीवर एकटे गेले आणि भाव नीट ऐकून आले.

जेवताना मात्र ते यंत्रं काढून डबीत ठेवतात. ताटावर वाटी घासली, चमचा पडला की त्यांच्या कानात कळ जाते. आईला म्हणतात, "भांडी लई वाजायलीत गं." आई आता त्यांचं ताट वाढताना वाट्या हळूच ठेवते.