अजून चालतोय की!

आमच्या न्हाणीघरातला गीझर यंदा 17 वर्षांचा झाला. माणसाच्या हिशेबाने हे वय मिसरूड फुटण्याचे; पण दहाबारा वर्षे टिकला म्हणजे गीझरने नाव काढले असे समजतात. तेव्हा आमचा केव्हाच शतायुषी झाला म्हणायचा! तो बदलण्याचा विषय काढला, की आईचे उत्तर ठरलेले: "अजून चालतोय की!" या तीन शब्दांपुढे आमच्या घरात आजवर कोणाची मात्रा चाललेली नाही.

आईचा युक्तिवाद बंबाच्या काळातला आहे. तांब्याचा बंब थकत असे, पण मरत नसे. कुठे गळू लागला तर तांबट डाग देई, जाळी जळाली तर नवी बसे, आणि अगदीच मोडीत काढायची वेळ आली तरी तांब्याच्या भावाने चार पैसे हाती पडत. आमचा गीझर त्या कुळातला नव्हे. त्याची टाकी पोलादाची, आतून काचेचा लेप दिलेली. लेपाला कुठेतरी बारीक चीर असतेच. तिथून गंज शिरू नये म्हणून टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी सोडलेली असते. पाणी पोलादाला सोडून आधी या कांडीला खाते. ती संपली, की टाकीची पाळी.

वसुबारसेच्या सकाळी गरम पाण्याच्या नळाची पहिली धार तांबूस आली; थंड पाण्याचा नळ मात्र स्वच्छ. मिस्त्रीने वीज बंद करून गीझर उघडला. बोअरच्या पाण्याचे क्षार घमेलेभर निघाले. कांडीच्या जागी तर नुसती तार उरली होती.

"कॉइल बदलता येते, थर्मोस्टॅट बदलता येतो," तो म्हणाला, "टाकी गेली की संपलं."

"मग नवी कांडी बसव," आई म्हणाली.

गीझर वडिलांनी आणलेला. पाहुण्यारावळ्यांना पुरला पाहिजे म्हणून 25 लिटरचाच हवा, हा हट्टही त्यांचाच. आई हे बोलून दाखवीत नाही, आणि आम्हीही विचारीत नाही.

कांडीने भागण्यासारखे असते, तर मीही हूं की चूं केले नसते. पण टाकीच्या बुडाशी बोट फिरवले, ते ओले झाले. आत 2000 वॅटची कॉइल, बुडाशी ओल, आणि त्याखाली पहाटे कडी लावून सर्वांच्या आधी न्हाणारी 82 वर्षांची आई! विजेचे बिल, दिवाळीचा खर्च, नव्याची किंमत हे इतके दिवस घोळवलेले मुद्दे त्या ओलीपुढे मला आठवेनासेच झाले. गीझर आजच उतरवायचा, असे मी सांगितले.

आईने वाद घातला नाही. "नवा येईपर्यंत पातेल्यात तापवू पाणी," एवढेच ती म्हणाली. मग गीझर खांद्यावर घेऊन निघालेल्या मिस्त्रीला तिने दारात अडवले.

"मोडीत किती देणार याचे?"

त्याने आकडा सांगितला.

"एवढ्यात बंबाची तोटीसुद्धा आली नसती," आई म्हणाली, आणि शंभर रुपये वाढवून घेतल्यावरच तिने त्याला जिना उतरू दिला.