शंभर दीनारांचं देणं

मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायात क्षमा न करणाऱ्या दासाचा दाखला आहे. प्रवचनांत भर बहुधा पहिल्या कर्जावर असतो. राजाने दासाला माफ केलेले १०,००० टॅलंट. एक टॅलंट म्हणजे साधारण ६,००० दीनार, आणि दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. पिढ्यान्‌पिढ्या राबूनही न फिटणारं हे देणं. त्यापुढे सोबतीच्या दासाकडचे १०० दीनार किरकोळ वाटतात.

पण ते किरकोळ नाहीत. १०० दीनारांत एका घराची चूल तीन-चार महिने पेटती राहते.

वडील गेल्यावर आईने विश्वासाने ठेवायला दिलेले पैसे एका नातेवाइकाने परत केले नाहीत. त्या वर्षी तिने शिवणकाम करून आमच्या शाळेची फी भरली. तो माणूस दर रविवारी चर्चमध्ये आमच्या दोन बाक पुढे बसायचा. ‘देवाने आपल्याला किती माफ केलंय’ याची आठवण आईला करून देणारे पुष्कळ भेटले. त्याला पैशांचं विचारणारं कुणी भेटलं नाही.

याच अध्यायात दाखल्याच्या आधी येशूने क्रम घालून दिला आहे. भावाने अपराध केला तर आधी एकट्याने जाऊन त्याला सांगा. ऐकलं नाही तर एकदोघांना सोबत न्या. तरीही नाही, तर मंडळीला सांगा. मंडळीचंही ऐकलं नाही, तर त्याला जकातदारासारखा समजा. जकातदारांच्या पंगतीला येशू स्वतः बसत असे, आणि मत्तय हा शिष्य मूळचा जकातदारच. म्हणजे दार तिथेही पुरतं बंद होत नाही. ‘किती वेळा क्षमा करू?’ हा पेत्राचा प्रश्न या सगळ्यानंतर येतो. क्षमेचं ओझं दुखावलेल्या माणसावर एकट्यावर टाकलेलं नाही; अपराध्याशी बोलण्याचं काम मंडळीच्याही वाट्याला आलं आहे. दाखल्यातही सोबतच्या दासांना जे घडलं त्याचं दुःख होतं, आणि ते उठून राजाकडे जातात. आमच्या मंडळीतून कुणी उठलं नाही.

आईने पुढे ते पैसे सोडून दिले. त्या नातेवाइकाच्या आजारपणात ती डबाही पाठवायची. रक्कम मात्र तिला शेवटपर्यंत पैशापर्यंत पाठ होती, आणि कुणी विचारलं तर ती न कचरता सांगायची. क्षमा केली तर आकडा कशाला लक्षात ठेवायचा, असं काहींना वाटे. पण दाखल्यातला राजासुद्धा आधी हिशेब घ्यायला बसतो. देणं किती आहे ते सगळ्यांसमोर उघड होतं, आणि मग तो ते सोडतो.