अण्णांचं लेथ आणि माझा फ्लॅश

मागच्या रविवारी मी आमच्या अण्णांचा एक फोटो काढला. काढले तसे दीडशे, पण धड आला तो एकच. तेवढ्यात साडेतीन तास, आठ पेन्सिल सेल आणि माझ्या इंजिनियरिंगच्या डिग्रीची थोडीशी अब्रू गेली. त्याचीच ही गोष्ट.

आधी थोडं तांत्रिक. (कंटाळा आला तर दोन परिच्छेद सोडून पुढे जा, मी रागावणार नाही.)

कॅमेऱ्यावरच बसवलेल्या फ्लॅशचे फोटो तुमच्या घरच्या अल्बमात ढिगाने असतील. चेहरा पिठात बुडवल्यासारखा पांढरा, नाकाचा उठाव गायब आणि मागच्या भिंतीवर डोक्याची काळी सावली. कारण साधं आहे. जिथून आपण बघतो तिथूनच उजेडही येतो. उपायही साधा. फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवायचा आणि बाजूला ठेवायचा. डेव्हिड हॉबी नावाच्या अमेरिकन वृत्तपत्र-छायाचित्रकाराने २००६ मध्ये 'स्ट्रोबिस्ट' हा ब्लॉग सुरू करून हेच शिकवलं आणि जगभरच्या हौशी लोकांनी आपापले छोटे फ्लॅश स्टँडवर चढवले.

प्रश्न एवढाच, की शटर उघडलं हे बाजूच्या फ्लॅशला कळणार कसं? एक तर वायर ओढा, ज्यात पाहुणे अडखळतात. नाहीतर प्रकाशावर चालणारा स्लेव्ह लावा, म्हणजे एक फ्लॅश उडालेला 'बघून' दुसरा उडतो. मी तो एका मित्राच्या लग्नात वापरून पाहिला. तिथल्या ऑर्डरवाल्या फोटोग्राफरने फ्लॅश मारला की माझाही इमानदारीत उडायचा. मंगलाष्टकं संपेपर्यंत माझे सेल खलास! म्हणून मग रेडिओ ट्रिगर घेतला. ट्रान्समीटर कॅमेऱ्याच्या हॉट-शूवर, रिसीव्हर फ्लॅशखाली. शटर उघडलं की कॅमेरा एक संपर्क जोडतो, दारावरच्या बेलचं बटण दाबावं तसं. ट्रान्समीटर तो निरोप २.४ गिगाहर्ट्झवर पाठवतो (आपलं वायफाय, ब्लूटूथ त्याच पट्ट्यात) आणि पलीकडे रिसीव्हर तसंच बटण दाबतो. १० मीटर जायला रेडिओलहरीला सेकंदाचा ३ कोटीवा भाग लागतो. समोरासमोर असायचीही गरज नाही, मध्ये भिंत असली तरी चालतं.

तर आता रविवार.

अण्णांचा भोसरीला भाड्याचा गाळा आहे. म्हणजे होता. एक लेथ, एक ड्रिल, एक ग्राइंडर. लेथ माझ्या जन्माच्या आधीचं. माझी चारही वर्षांची फी त्या चकवर फिरून आलेली आहे हे मला चांगलं ठाऊक आहे. पण आता कामं सगळी सीएनसीवाल्यांकडे जातात, अण्णांचे गुडघे दिवसभर उभं राहू देत नाहीत, आणि शेवटी गिऱ्हाईक ठरलं. सोमवारी सकाळी टेम्पो येणार होता.

शनिवारी रात्री माझ्या लक्षात आलं, की लेथवर काम करतानाचा अण्णांचा एकही फोटो आपल्याकडे नाही. एक आहे तो दसऱ्याचा. मशीनला झेंडूची माळ आणि शेजारी इस्त्रीच्या शर्टात अण्णा, सावधान उभे. ते काही काम करतानाचे अण्णा नव्हेत.

गाळ्यात पोचलो. डाव्या हातात फ्लॅश, उजव्या हातात कॅमेरा, अण्णांच्या हातांचा क्लोज-अप घ्यायचा बेत. पहिला फोटो अंधार. दुसरा अंधार. तिसऱ्याला फ्लॅश उडाला, चौथ्याला पुन्हा नाही. सेल बदलले. चॅनल बदलला. मोटरचा काही त्रास होतोय का म्हणून अण्णांना मशीन बंद करायला लावलं. छे! बाहेर रस्त्यावर फ्लॅश ठेवून आतून बटण दाबलं तर मात्र दर वेळी उडतोय.

अण्णा शांतपणे बघत होते. म्हणाले, "लांबनं चालतंय ना? मग लांबनं काढ की."

मुकाट्याने मॅन्युअल उघडलं. त्यात लिहिलेलं होतं, की रिसीव्हर फारच जवळ असला तर सिग्नल जादा होऊन चुकू शकतो, त्यासाठी कमी अंतराची वेगळी सेटिंग आहे. अगदी कानाशी येऊन कुणी ओरडलं की शब्द कळत नाहीत, तसंच. सेटिंग बदललं आणि ट्रिगर सुतासारखा सरळ झाला. पण तोवर मी दारापाशी ट्रायपॉड लावला होता. तिथून अण्णा, लेथ, भिंतीवरचे गेज, सगळंच दिसत होतं. म्हटलं, राहू दे.

फ्लॅश माझ्या बाजूला स्टँडवर ठेवला. उडाला, पण फोटो सपाट. लेथ म्हणजे राखाडी पत्रा आणि अण्णा म्हणजे कटआऊट. अण्णांनी स्क्रीनवर बघितलं आणि चकवरच्या दिव्याकडे बोट दाखवलं. "हा बघ. मी हा कायम आडवा का धरतो? समोरनं उजेड मारला तर जॉबवरची रेघ दिसतच नाही. आडवा मारला की सगळं उघडं पडतं."

मी हे इंटरनेटवर दोन वर्षं वाचत होतो. अण्णा ते गेली तीसेक वर्षं करत होते.

फ्लॅश त्यांच्या डावीकडे, खांद्याच्या उंचीवर, तिरका लावला. झालं! गालावरची हाडं, कपाळावरच्या आठ्या, बेडवरचे ओरखडे, सगळं उठून आलं. मी खूष. अण्णांनी चष्मा वर केला, परत खाली केला.

"मशीन बंद दिसतंय."

खरंच की. चक ३०० आरपीएमने फिरत होता, आणि फोटोत ठार उभा. हिशोब सोपा होता, मीच विसरलो होतो. ३०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ५ फेरे. कमी ताकदीवर फ्लॅश साधारण १/२००० सेकंद पेटतो, तेवढ्यात चक एक अंशही फिरत नाही. आणि शटर १/२०० ला असल्याने गाळ्यातला साधा उजेड फोटोत जवळजवळ येतच नव्हता. (माझ्या कॅमेऱ्याची ती सिंकची मर्यादा. त्याहून वेगात गेलं तर शटरचा पडदा मध्ये येऊन फोटोत काळा पट्टा उमटतो. म्हणून मी तिथेच चिकटून बसलो होतो.)

पण खाली यायला कोण अडवतंय? शटर १/१५ वर आणलं. फ्लॅश तेवढाच, त्यामुळे अण्णांचा चेहरा तसाच लख्ख. पण आता ट्यूबलाइटला आणि चकवरच्या दिव्याला तेरापट वेळ मिळाला, आणि तेवढ्या वेळात चक तिसरा हिस्सा फेरा फिरतो. एकाच फोटोत खरं तर दोन फोटो, एक फ्लॅशचा आणि एक गाळ्याचा.

अण्णांनी एका जुन्या रॉडच्या तुकड्यावर शेवटचा कट घेतला. कामाचा नव्हता, नुसताच. मी शटर दाबलं. चेहरा स्थिर, हात स्थिर, आणि हातापाशी चक धुरासारखा फिरतोय.

अण्णांनी स्क्रीनकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "हां. चालू आहे." आणि मशीन बंद केलं.

सोमवारी मी ऑफिसला गेलो नाही. टेम्पो दहाला आला, साडेअकराला गेला. अण्णा फारसं बोलले नाहीत. जमिनीवर सांडलेलं ऑइल मात्र त्यांनी स्वतः पुसलं.

फोटो मोठा करून आणला. अण्णा म्हणाले, दसऱ्याला हाच पुढे ठेवू आणि हार घालू. आई भडकली. "हयात माणसाच्या फोटोला हार घालतात का कुणी?"

अण्णा म्हणाले, "मला कुठं घालतेस? मशीनला घाल की."

अजून वाद मिटलेला नाही. असो. दसऱ्याला काय होतं ते कळवीनच. :-)